शेतावरचा कॅमेरा रात्रीच का बंद पडतो? तारेतील दोष शोधण्याची रीत

डाळिंबाची तोडणी आठ-दहा दिवसांवर आली, चाळीत कांदा भरला किंवा गोठ्यात व्यायला झालेली म्हैस बांधली की शेतकऱ्याची झोप उडते. पूर्वी राखणीसाठी माणूस, कुत्रे आणि हातातील विजेरी यांवरच भिस्त असे. गेल्या काही वर्षांत अनेक बागायतदारांनी शेतघर, पॅक हाऊस, पंपघर आणि गोठा अशा ठिकाणी कॅमेरे बसविले आहेत. यांपैकी बरेचसे कॅमेरे एकाच तारेवर चालतात. त्या तारेतूनच कॅमेऱ्याला वीज जाते आणि तिच्यातूनच चित्र घरातील यंत्रापर्यंत येते. या पद्धतीला पीओई असे म्हणतात. वेगळी विजेची तार ओढावी लागत नाही ही तिची मोठी सोय आहे. तथापि एकाच तारेवर दोन कामे असल्यामुळे ती तार बिघडली की दोन्ही कामे बिघडतात, आणि दोष कशात आहे हे चटकन कळत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी पाहता कॅमेरा स्वतः नादुरुस्त होण्याचे प्रसंग थोडे असतात. बहुतेक वेळा दोष तारेत, तारेच्या टोकाला बसविलेल्या प्लगमध्ये किंवा वीज देण्याच्या पद्धतीत असतो. बसविणारा कारागीर मात्र आधी कॅमेरा बदलतो, मग स्विच बदलतो आणि तार तशीच राहते. शेतकऱ्याचा पैसा जातो व कॅमेरा पुन्हा बंद पडतो.

सांगोला तालुक्यातील एका डाळिंब बागायतदाराचा अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. त्यांच्या बागेत चार कॅमेरे होते. त्यांपैकी रस्त्याकडील बांधावरचा कॅमेरा दिवसभर उत्तम चाले आणि दिवस मावळला की बंद पडे. पहाटे उजाडले की पुन्हा सुरू. एका रात्री नेमक्या त्याच बाजूच्या दोन ओळींतील फळे चोरीला गेली. कॅमेऱ्याच्या नोंदीत त्या वेळी नुसता काळा पडदा होता. कॅमेरा रोज रात्रीच बंद पडतो म्हणजे कोणीतरी तार काढत असणार, असा तर्क झाला आणि संशय आला तो राखणीच्या माणसावर. सात वर्षे बागेत राबलेल्या त्या माणसाला कामावरून कमी करण्यात आले. तोवर कॅमेरा दोनदा बदलून झाला होता. नवीन माणूस आला तरी कॅमेरा रात्री बंदच पडत राहिला, तेव्हा त्यांनी आम्हास बोलाविले.

या बागेत काय सापडले ते सांगण्याआधी तारेतून वीज कशी जाते हे समजून घेणे आवश्यक आहे.

तारेतून वीज आणि चित्र कसे जाते?

कॅमेऱ्याच्या तारेत आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोनच्या चार जोड्यांत पिळलेल्या असतात. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा या जोड्या होत. प्रत्येक रंगाच्या तारेसोबत त्याच रंगाची रेघ असलेली पांढरी तार असते. सर्वसाधारण कॅमेऱ्याचे चित्र नारिंगी व हिरव्या या दोनच जोड्यांतून जाते. वीज मात्र स्विचच्या प्रकारानुसार याच दोन जोड्यांतून किंवा निळ्या व तपकिरी जोड्यांतून पाठविली जाते.

प्रमाणित पीओई स्विच सुमारे ४८ व्होल्ट दाबाने वीज देतो. २००३ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे, ज्यास ८०२.३एएफ म्हणतात, एका कॅमेऱ्यासाठी स्विचच्या तोंडाशी १५.४ वॅट वीज मिळते. २००९ च्या ८०२.३एटी मानकात ती ३० वॅट झाली. साध्या कॅमेऱ्याला पहिले मानक पुरेसे होते. फिरणारे मोठे कॅमेरे मात्र दुसऱ्या मानकाचे स्विच मागतात.

प्रमाणित स्विच आंधळेपणाने वीज सोडत नाही हे ध्यानात ठेवावे. तो आधी अगदी कमी दाब देऊन पलीकडे योग्य उपकरण आहे काय हे तपासतो. कॅमेऱ्याच्या आत सुमारे २५ हजार ओहमचा रोध ओळखपत्रासारखा ठेवलेला असतो. तो जाणवला तरच ४८ व्होल्ट सोडले जातात. प्लगमध्ये ओल शिरली किंवा जोड सैल असला तर हे माप चुकते आणि स्विच वीज देण्याचे नाकारतो. तार अखंड असूनही कॅमेरा पावसात मुका होतो आणि दोन दिवस ऊन पडले की आपोआप सुरू होतो, त्यामागचे एक कारण हे आहे.

याउलट बाजारात स्वस्त संच मिळतात, त्यांत अशी कोणतीही तपासणी नसते. घरातील १२ व्होल्टचा अडॅप्टर तारेच्या निळ्या व तपकिरी जोड्यांना जोडला जातो आणि दुसऱ्या टोकाला ती वीज वेगळी काढून कॅमेऱ्याला दिली जाते. यासही विक्रेते पीओईच म्हणतात. खरेदी करताना हा फरक विचारून घ्यावा, कारण शेतावरचे निम्मे दुखणे येथेच सुरू होते.

ठिबकाच्या लॅटरलचे उदाहरण घ्या. लॅटरल लांब टाकली आणि दाब कमी ठेवला तर शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचत नाही. पहिल्या झाडाखाली चिखल होतो आणि टोकाचे झाड सुकते. विजेचेही तसेच आहे. कमी दाबाने तेवढीच वीज पोचवायची तर प्रवाह जास्त लागतो आणि जास्त प्रवाहाला बारीक तारेतून जाताना घटही जास्त सोसावी लागते. १२ व्होल्टवर प्रवाह ४८ व्होल्टच्या चौपट लागतो आणि तारेत वाया जाणारी वीज सोळा पट होते.

सांगोल्याच्या बागेत काय सापडले

आता त्या कॅमेऱ्याकडे वळू. शेतघरापासून तो ६० मीटरवर होता आणि त्याला वर सांगितलेल्या स्वस्त पद्धतीने १२ व्होल्ट दिलेले होते. दिवसा असा कॅमेरा सुमारे ३ वॅट वीज घेतो. अंधार पडला की त्याचे न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे, म्हणजे इन्फ्रारेड दिवे, आपोआप लागतात आणि गरज ६ वॅटपर्यंत जाते. चांगल्या तांब्याच्या तारेच्या दोन जोड्या वापरल्या तरी ६० मीटरच्या जाण्यायेण्यात साधारण साडेपाच ओहम रोध असतो. हिशेब केला तर दिवसा कॅमेऱ्याच्या टोकाशी साडेदहा व्होल्ट आणि रात्री जेमतेम ८ व्होल्ट उरतात. बहुतेक १२ व्होल्टचे कॅमेरे ९ व्होल्टच्या खाली तग धरत नाहीत.

पण येथे तारही तांब्याची नव्हती. वेष्टनावर कॅट-६ असे छापलेले असले तरी आतील तार चाकूने खरवडताच पांढरी दिसली. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली ही तार होती. तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो. अशा ६० मीटर तारेतून १२ व्होल्टच्या अडॅप्टरने टोकाला साडेचार वॅटपेक्षा जास्त वीज पोचूच शकत नाही. दिव्यांना लागणारे ६ वॅट मिळणार कोठून? दिवे लागले की दाब कोसळे व कॅमेरा बंद होई. बंद झाल्यावर भार उतरे, दाब वाढे व कॅमेरा पुन्हा सुरू होई. मिनिटाभराने दिवे लागत आणि तो परत बंद पडे. रात्रभर हा खेळ चाले व नोंदीत काही उरत नसे.

ही गोष्ट आम्ही भर दुपारी दाखविली. कॅमेऱ्याच्या टोकाशी मल्टिमीटर लावला तेव्हा ९.४ व्होल्ट होते. मग कॅमेऱ्यावर गोणपाट टाकले. अंधार झाला असे समजून त्याने दिवे लावले, काटा ७ व्होल्टच्या खाली घसरला आणि चित्र गेले. गोणपाट काढताच थोड्या वेळाने चित्र परत आले. बागायतदारांनी स्वतः तीन वेळा गोणपाट टाकून पाहिले. काही वेळ ते काहीच बोलले नाहीत, नंतर मोटारसायकल काढून जुन्या राखणदाराच्या वस्तीवर गेले. तो माणूस लगेच परत आला नाही. पुढच्या बहाराला आला.

दुरुस्ती साधी होती. तांब्याची तार ओढली, घरात ४८ व्होल्टचा प्रमाणित स्विच ठेवला आणि कॅमेरा जुना १२ व्होल्टचाच असल्याने त्याच्या टोकाशी ४८ चे १२ व्होल्ट करणारा स्प्लिटर बसविला. तेवढ्याच अंतरावर ४८ व्होल्टमध्ये होणारी घट पाऊण व्होल्टही नसते.

तपासणी कोठून सुरू करावी?

दोष शोधताना एका वेळी एकच वस्तू बदलावी. कारागीर घाईत तीन गोष्टी बदलतो आणि शेवटी नेमके कशाने काम झाले हे त्यालाही सांगता येत नाही.

सर्वप्रथम एकच कॅमेरा बंद आहे की सर्व, हे पाहावे. सर्व बंद असतील तर तारेत शोधत बसू नये. स्विचला वीज आहे काय, त्याचा अडॅप्टर जळाला आहे काय, चित्र साठविणारे यंत्र, ज्यास एनव्हीआर म्हणतात, सुरू आहे काय हे पाहावे. लाईट वारंवार जाते अशा भागात कमीअधिक दाबामुळे अडॅप्टर आधी जातो. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत लोखंडी पेटीत कोंडलेला स्विच तापून बंद पडतो आणि संध्याकाळी गार झाला की चालू लागतो. असा स्विच भिंतीवर मोकळ्या हवेत, सावलीत बसवावा.

एकच कॅमेरा बंद असेल तर स्विचवरील त्याच्या खणाचे दिवे पाहावेत. सर्वसाधारणपणे एक दिवा वीज जात असल्याचा व दुसरा चित्राची देवाणघेवाण होत असल्याचा असतो. कोणता दिवा कशाचा हे स्विचवर छापलेले असते. दोन्ही विझलेले असतील तर तीच तार शेजारच्या चालू खणात लावून पाहावी. कॅमेरा सुरू झाला तर खण बिघडला आहे. विजेचा दिवा आहे आणि चित्राचा नाही असे आढळले तर तारेची एखादी जोडी तुटलेली किंवा चुकीची जोडलेली असण्याची शक्यता मोठी आहे. रात्रीच्या वेळी कॅमेऱ्याचे दिवे मंद लाल दिसतात पण घरात चित्र येत नाही, ही त्याचीच खूण होय. सर्वच कॅमेऱ्यांचे दिवे लाल दिसतात असे मात्र नाही.

यापुढील तपासणी सर्वात खात्रीची आहे, पण शिडी लागते म्हणून टाळली जाते. बंद कॅमेरा खांबावरून उतरवून घरी आणावा व दोन मीटरच्या चांगल्या तारेने थेट स्विचला जोडावा. पाच मिनिटे थांबावे आणि कापड टाकून रात्रीची स्थितीही तपासावी. येथे तो चालला तर कॅमेरा निर्दोष आहे व दोष तारेत आहे हे ठरले. येथेही चालला नाही तरच नवीन कॅमेऱ्याचा विचार करावा.

कधीकधी संध्याकाळी शेवटचे एक-दोनच कॅमेरे बंद होतात. अशा वेळी स्विचची एकूण क्षमता तपासावी. समजा, आठ खणांच्या स्विचवर एकूण ६० वॅट असे लिहिले आहे. आठ कॅमेरे दिवसा प्रत्येकी ४ वॅटप्रमाणे ३२ वॅट घेतात, काहीच अडचण येत नाही. रात्री तेच प्रत्येकी ८ वॅट घेऊ लागले की ६४ वॅट होतात आणि स्विच भार कमी करण्यासाठी सहसा शेवटच्या खणांची वीज तोडतो. येथे तार कितीही बदलली तरी उपयोग होणार नाही.

आठही दिवे लागतात, तरी चित्र येत नाही

तार तपासण्यासाठी एक ते आठ दिव्यांचा छोटा टेस्टर मिळतो. तो प्रत्येक बागायतदाराने घेऊन ठेवावा असे आमचे मत आहे. मात्र वापरण्यापूर्वी तार स्विच व कॅमेरा या दोन्हींपासून सोडवावी. तारेत वीज असताना टेस्टर लावला तर तो जळतो.

टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले म्हणजे तार चांगली, असा सर्वत्र समज आहे. तो अर्धाच खरा आहे. टेस्टर तार अखंड आहे एवढेच सांगतो. रोध किती, तार तांब्याची की मुलाम्याची, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे जोड्या बरोबर लागल्या आहेत की नाहीत, हे तो सांगत नाही.

हा शेवटचा दोष फार फसवा आहे. नवशिका कारागीर प्लगमध्ये रंग डोळ्यांना बरे दिसतील असे ओळीने लावतो. नारिंगी जोडी, मग हिरवी जोडी, मग निळी, मग तपकिरी. दोन्ही टोकांना तसेच केल्यामुळे टेस्टर खूश असतो. पण प्लगची रचना अशी आहे की १ व २ क्रमांकाच्या पिनांची एक जोडी आणि ३ व ६ क्रमांकाच्या पिनांची दुसरी जोडी होते. ओळीने लावल्यास ३ क्रमांकावर हिरव्या जोडीतील व ६ क्रमांकावर निळ्या जोडीतील तार येते, म्हणजे जोडी फुटते. जोडीतील दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणूनच बाहेरचा व शेजारच्या जोडीचा उपद्रव त्यांना बाधत नाही. जोडी फुटली की हे संरक्षण जाते. दहा मीटर तारेवर कॅमेरा चालतो, पन्नास मीटरवर चित्र अडखळते किंवा येतच नाही. वीज मात्र व्यवस्थित जाते, त्यामुळे सगळे कॅमेऱ्यालाच दोष देतात.

योग्य क्रम असा आहे. प्लगचा खटका खाली व तार शिरण्याचे तोंड आपल्याकडे धरावे. मग डावीकडून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, हे चुकल्यासारखे वाटते पण तेच बरोबर आहे. दोन्ही टोकांना हाच क्रम ठेवावा. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये आणि तारेचे बाहेरचे आवरण प्लगच्या आत जाऊन दाबले गेले पाहिजे. अन्यथा वाऱ्याने तार हलली की सगळा ताण बारीक तारांवर येतो.

तारेचा रोध घरच्या घरी मोजता येतो. एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा सोलून एकत्र पिळाव्यात आणि दुसऱ्या टोकाला त्याच जोडीवर मल्टिमीटर ओहमवर ठेवून लावावा. तांब्याची १०० मीटर तार जाडीनुसार १४ ते १९ ओहम दाखविते. ५० मीटरला याच्या निम्मे. माप २५ किंवा ३० च्या घरात गेले तर तार मुलाम्याची आहे किंवा मध्ये कोठेतरी खराब जोड आहे. चारही जोड्या मोजाव्यात. एकच जोडी जास्त दाखवीत असेल तर जोड किंवा प्लग, आणि चारही जास्त दाखवीत असतील तर तारच हलकी, असे समजावे. नवीन ३०५ मीटरचे खोके विकत घेतानाही हे माप दुकानातच घेता येते. अशा खोक्यात ४० ते ५८ ओहम यावेत. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

जोड, ओल आणि उंदीर

शेतात तार बहुधा जोडाशी बिघडते. विजेच्या तारेप्रमाणे पीळ देऊन काळी चिकटपट्टी गुंडाळलेला जोड या कामाला चालत नाही. शक्यतो मध्ये जोड देऊच नये. द्यावाच लागला तर दोन्ही टोकांना प्लग करून जोडणारा कपलर वापरावा आणि तो पाणी न शिरणाऱ्या डबीत, जमिनीपासून उंच ठेवावा.

कॅमेऱ्यामागील प्लग ही दुसरी दुखरी जागा. कॅमेऱ्यासोबत रबरी वाशर व फिरकीचे टोपण मिळते. कारागीर प्लग आधी दाबतो आणि टोपण मागाहून ओवता येत नाही म्हणून फेकून देतो. पहिल्याच पावसात प्लगमध्ये ओल जाते. तारेत सतत वीज असल्याने ओलीत तांबे झपाट्याने झिजते आणि पिनांवर हिरवट थर चढतो. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, तसाच हा कळंक. असा प्लग पुसून पुन्हा लावू नये. कापून नवा दाबावा, आणि तार सोलल्यावर आतील तांबे काळे पडलेले दिसले तर ते चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जावे. कॅमेऱ्यापाशी तारेला खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी झोळातून ठिबकून जाते. झोळ नसेल आणि आवरण फाटलेले असेल तर पाणी तारेच्या आतूनच वाहत घरातील स्विचपर्यंत येते. स्विचच्या खणातून पाण्याचे थेंब निघालेले आम्ही पाहिले आहेत.

घरात वापरण्याची राखाडी किंवा निळी तार उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. उघड्यावर काळ्या पॉलिथिन आवरणाची, बाहेरच्या वापरासाठी म्हणून मिळणारी तार घ्यावी. जमिनीतून न्यायची असल्यास एचडीपीई किंवा पीव्हीसी नळीतून न्यावी. जुन्या ठिबकाच्या लॅटरलमधून तार ओढण्याची युक्ती अनेकजण करतात. लॅटरल फुकट असते, परंतु ड्रिपरच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येते व बाहेर जात नाही, त्यामुळे तार वर्षभर पाण्यातच पडून राहते. उंदीर आणि घूस यांच्याविषयी शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. नळीची दोन्ही तोंडे बंद करावीत, नाहीतर घुशीला आयते बीळ मिळते. स्विचच्या रिकाम्या खणांत मुंग्या घर करतात, तेही बुचाने झाकावेत.

मोटारीच्या केबलला किंवा स्टार्टरच्या वायरीला जोडून कॅमेऱ्याची तार बांधू नये. किमान एक फूट अंतर ठेवावे व ओलांडायची असल्यास काटकोनात ओलांडावी. मोटार सुरू करताच चित्र जात असेल तर आधी हेच पाहावे. सौर पंपाच्या कंट्रोलरजवळूनही तार नेऊ नये. रानडुकरांसाठी झटका मशीनचे कुंपण असेल तर त्या तारेच्या वा खांबाच्या आधाराने कॅमेऱ्याची तार कधीही नेऊ नये, कारण प्रत्येक झटक्याला काही हजार व्होल्ट असतात. वीज मंडळाच्या खांबाचा किंवा ताणाचा आधार घेणे तर जिवावर बेतणारे आहे. तेथे कॅमेऱ्याचा विचारच करू नये.

शंभर मीटरपलीकडे

या तारेवर चित्र पाठविण्याची मर्यादा १०० मीटर आहे आणि तीत दोन्ही टोकांच्या छोट्या तारा धराव्या लागतात. अंतर पावलांनी मोजताना खांबावर चढणारी व भिंतीवरून वळणारी तार विसरली जाते. ८५ मीटर वाटलेले अंतर प्रत्यक्षात ११० निघते. असा कॅमेरा कधी चालतो, कधी नाही, व दोष सापडत नाही.

काही स्विचवर अंतर वाढविण्याची कळ असते. ती दाबली की वेग दहापट कमी होऊन काही तारांवर २५० मीटरपर्यंत काम होते, असे उत्पादक सांगतात. एका कॅमेऱ्यासाठी तो वेग पुरतो. पण त्यासाठी तार उत्तम तांब्याची व बिनजोड हवी. ही कळ चुकून दाबलेली राहिल्यामुळे जवळच्या कॅमेऱ्यांचे चित्र अडखळण्याचे प्रकारही घडतात.

आमच्या मते १०० मीटरपेक्षा दूरच्या कॅमेऱ्यासाठी ऑप्टिकल फायबर टाकणे चांगले. ती काचेची तार असते, त्यामुळे विजेचा लोळ तिच्यातून घरात येत नाही. वळवाच्या पावसात लोखंडी खांबावरील एका कॅमेऱ्याने घरातील स्विच, एनव्हीआर आणि टीव्ही एकदम जाळल्याची उदाहरणे आहेत. फायबरमधून वीज जात नसल्याने कॅमेऱ्याजवळ ती वेगळी पुरवावी लागते, ही तिची अडचण. कॅमेरा व फायबरचे यंत्र मिळून १० वॅट धरले तर दिवसरात्रीला २४० वॅट-तास लागतात. तेथे लाईट नसेल तर छोटा सौर पॅनेल व बॅटरी या हिशेबाने, ढगाळ दिवस धरून घ्यावी.

तांब्याचीच तार ठेवायची असेल तर दोन्ही टोकांना विजेचा धक्का उतरविणारे सर्ज संरक्षक बसवावेत व त्यांना अर्थिंग द्यावे. अर्थिंग नसलेला संरक्षक म्हणजे सांडवा नसलेला बंधारा. आकाशात ढग जमू लागले की तार स्विचमधून काढून ठेवण्याची सवयही चांगली आहे. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर तारेला हात लावू नये.

एक दोष तारेत नसतो पण तारेचाच वाटतो, म्हणून सांगून ठेवतो. एकाच कंपनीचे दोन नवीन कॅमेरे एकदम लावले तर दोघांचा कारखान्यातून आलेला पत्ता एकच असू शकतो. मग एक चालतो तेव्हा दुसरा बंद पडतो. कॅमेरे एकेक करून जोडावेत व प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यावा. त्याच वेळी कारखान्याचा ठरावीक पासवर्डही बदलावा, नाहीतर आपल्या गोठ्याचे चित्र परका माणूसही पाहू शकतो.

तार जमिनीतून नेली असल्यास चारी बुजविण्यापूर्वी तिचा मार्ग वहीत काढून ठेवावा. कोणत्या झाडापासून किती पावले, किती खोल, जोड कोठे, हे सर्व लिहावे. त्याच पानावर प्रत्येक जोडीचा रोध व तारीख लिहिली तर पुढच्या वेळी मल्टिमीटर लावताच फरक दिसतो. हे पान ट्रॅक्टर चालविणाऱ्यासही दाखवावे. रोटाव्हेटरने तुटलेली तार दोन ठिकाणी नव्हे, आठ-दहा ठिकाणी तुटलेली असते. मृग लागण्यापूर्वी एकदा आणि तोडणीच्या पंधरा दिवस आधी एकदा, कॅमेऱ्यांवर गोणपाट टाकून रात्रीची चाचणी दिवसाच घ्यावी.